अननसाचं श्रीखंड दुसऱ्या दिवशी कडू का होतं?

समस्या अशी. रात्री आठला अननसाचं श्रीखंड फेटून ठेवलं, चाखलं तेव्हा सुरेख. सकाळी फ्रिजमधून डबा काढावा तर कडेने पाणी सुटलेलं, मधला गोळा सैल पडलेला, आणि घास गिळून झाल्यावर घशापाशी कडवट चव रेंगाळते. आंबलेलं नाही, नासलेलं नाही, वासही चांगला. फक्त कडू.

आमच्याकडे हे तीन पाडवे आणि दोन दसरे चाललं. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, दांडिया बाजारातल्या घरातून ऑर्डरी घेतात. साधं श्रीखंड, केशर-वेलदोड्याचं, आम्रखंड, यांची कधी एक तक्रार आली नाही. अननसाच्या डब्यांवर मात्र दर सणाला फोन. बरं, करायचंच सोडून द्यावं म्हटलं तर बडोद्यात ते शक्य नाही. गुजराती गिऱ्हाइकं 'पाइनॅपल मठो' मागतात, आणि ती नेमकी मोठ्या ऑर्डरवाली. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. दहावीच्या वर्गात विकरं शिकवून घरी यायचं आणि त्याच विकराने कडू केलेलं श्रीखंड पुरीला लावून मुकाट खायचं, असं मी तीन वर्षं केलं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

वहिनींचे संशय बरेच होते. पहिला पितळेच्या पातेल्यावर. कल्हई गेलेल्या भांड्यात दही कळकतं हे खरंच, पण त्याची चव वेगळी असते, मळमळ आणणारी, आणि पातेलं बदलून स्टीलचं केलं तरी कडूपणा तसाच राहिला. मग जायफळ कमी केलं. मग चक्का बांधायच्या पंचात साबण राहत असेल म्हणून तो नुसत्या गरम पाण्यात धुतला. मग दूधवाला बदलला. मग साखर वाढवली, कारण साखर जास्त असली की पदार्थ टिकतो. श्रीखंड जास्त गोड झालं आणि जास्त गोड कडू झालं.

खरी खूण आमच्या डोळ्यांसमोरच होती. त्याच खंडेराव मार्केटातून आणलेल्या त्याच अननसाचा शिरा वहिनी करतात, दूध घालून, आणि तो दोन दिवस राहिला तरी कडू होत नाही. चायना ग्रासची जेली करतात, तिच्यात कच्च्या अननसाच्या फोडी घालतात, तीही छान घट्ट बसते. मग अननस वाईट म्हणावं तर शिरा कसा जमतो? कच्चं अननस वाईट म्हणावं तर जेली कशी जमते? आणि दही वाईट म्हणावं तर आम्रखंड कसं टिकतं? या तीन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते कळलं की पुढचं सगळं सोपं.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. आमचा पुतण्या गुजराती माध्यमात, त्याच्या पुस्तकात याला 'उत्सेचक' म्हणतात. बोलताना आपण सगळेच एन्झाइम म्हणतो. विकर म्हणजे एक प्रथिनच, पण कामाचं: एखादी रासायनिक क्रिया, जी एरवी महिनोन्‌महिने होणार नाही, ती ते झरझर घडवून आणतं आणि स्वतः मात्र खर्च होत नाही. ब्रोमेलेनचं काम दुसरी प्रथिनं कापायची. अननस जास्त खाल्लं की जिभेला चुरचुर लागते, तिच्यात याचाही वाटा आहे. चक्का म्हणजे मुख्यतः दुधातलं केसिन. या केसिनच्या लांब साखळ्यांचं जाळं पाणी आणि स्निग्धांश धरून ठेवतं, म्हणून श्रीखंड चमच्यावर उभं राहतं. साखळ्या कापल्या की जाळं सुटतं, पाणी बाहेर येतं. आणि कापलेल्या तुकड्यांतले काही, पाण्याशी न जमणाऱ्या बाजूंचे, जिभेला कडू लागतात. अख्ख्या केसिनमध्ये त्या बाजू आत दडलेल्या असतात, म्हणून दूध कडू लागत नाही. पाणी सुटणं आणि कडू होणं या दोन तक्रारी आम्ही तीन वर्षं वेगवेगळ्या समजत होतो.

आता जेली. चायना ग्रास प्रथिन नाही, ती समुद्री शेवाळातली कर्बोदकं. ब्रोमेलेन तिला हात लावू शकत नाही. विकर ही फार नाकाने कांदे सोलणारी मंडळी, स्वतःच्या कामापलीकडे इकडची काडी तिकडे करत नाहीत. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली: विकराला एक खाच असते, तिच्यात ठरावीक आकाराचाच रेणू बसतो. १९५८ मध्ये कोशलंड यांनी त्यात दुरुस्ती सुचवली की खाच किल्लीच्या भोकासारखी ताठ नसते, रेणू आला की ती स्वतःला थोडी जुळवून घेते. वर्गात मी याला बांगडी भरण्याचं उदाहरण देते. कासार हात दाबून, अंगठा आत मुडपून बांगडी चढवतो. हाताचा आकार त्या क्षणी बांगडीसाठी बदलतो, पण म्हणून कुठल्याही मापाची बांगडी चढत नाही. जिलेटिनची जेली असती तर मात्र ती बसलीच नसती, कारण जिलेटिन प्रथिन आहे.

आंब्यात दुधाची प्रथिनं असं झपाट्याने कापणारं विकर नाही, म्हणून आम्रखंड सुखरूप. आणि शिऱ्यात अननस रटरटून शिजलेलं असतं.

वहिनींना हे पटलं नाही. "अगं, एवढ्याशा अननसात असं किती असणार? मी किलोभर चक्क्याला जेमतेम दोन वाट्या फोडी घालते." हा प्रश्न बरोबर आहे आणि नेमका इथेच माणूस चुकतो. मीठ चिमूटभर पडलं तर चिमूटभरच खारट होतं. विकराचं तसं नाही, कारण ते संपत नाही. एक साखळी कापली की दुसरी, मग तिसरी. पुऱ्या तळताना पाहा: लाटणाऱ्या चौघी असोत की आठ, कढईत एका वेळी मावतात तेवढ्याच पुऱ्या निघणार, पण कढई चुलीवर असेपर्यंत त्या निघतच राहणार. कढई लहान असेल तर वेळ जास्त लागेल, एवढंच. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये गणितात मांडलं ते साधारण हेच: पदार्थ वाढवत गेलं की वेग आधी वाढतो आणि मग विकराच्या सगळ्या खाचा भरल्या की एका मर्यादेला टेकतो. म्हणून चक्का वाढवून, अननस निम्मं करून कडूपणा टळत नाही, पुढे ढकलला जातो. सकाळी होणार होता तो दुपारी होतो.

तरी वहिनी आपल्या जिभेवरच विश्वास ठेवतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून एका रविवारी ओट्यावर पाच वाट्या मांडल्या. प्रत्येकीत एकाच चक्क्याचे चार चमचे आणि सारखीच साखर. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत एक चमचा कच्चं अननस, कुस्करून. तिसरीत तेच कुस्करलेलं अननस, पण पाच मिनिटं उकळून गार केलेलं. चौथीत अर्धा चमचा लिंबाचा रस, म्हणजे आंबटपणाने होत असेल तर कळेल. पाचवी दुसरीसारखीच, पण ती थेट फ्रिजमध्ये. वाट्यांखाली आकडे लिहिलेले कागदाचे कपटे, आणि चवीच्या वेळी वाट्यांची जागा पुतण्याने बदलायची, वहिनींनी डोळे मिटून चाखायचं. चैत्र होता, स्वयंपाकघरात ३६ अंश सहज असतील.

तासाभराने त्यांनी चारही वाट्या चाखल्या आणि एक बाजूला सारली. कपटा पाहिला: दुसरी. वाटी तिरकी केली तर कडेला पिवळसर पाण्याची रेघ ओघळली. बाकी तिन्ही जशाच्या तशा. लिंबाची आंबट होती, पण घट्ट. उकळलेल्या अननसाची वाटी वहिनींनी दोनदा चाखली, कारण तिला अननसाचा वास होता, आंबटपणा होता, गोडी होती आणि कडूपणा नव्हता. दुसरी आणि तिसरी यांत फरक फक्त उकळीचा. फ्रिजमधली पाचवी वाटी त्या वेळी गोडच होती. "म्हणजे फ्रिजात ठेवलं की झालं!" वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या सकाळी बघू. सकाळी तीही कडू.

हे गणित मला फार आवडतं म्हणून इथे थोडं थांबते. विकराच्या कामाचा वेग तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो आणि १० अंशांनी उतरलं की निम्मा. ओट्यावर ३६ अंश, फ्रिजमध्ये ४. फरक ३२ अंशांचा, म्हणजे वेग आठ-नऊ पटींनी मंद. ओट्यावर तासाभरात झालेलं काम फ्रिजमध्ये आठ-नऊ तास घेणार. रात्री आठला ठेवलं, पहाटे पाचला तयार. हे अगदी काटेकोर गणित नव्हे, पण गिऱ्हाइकाचा फोन दर वेळी सकाळीच का येतो, हे त्याने कळतं. डीप फ्रीझर उपयोगाचा नाही. गोठवल्याने विकर मरत नाही, झोपतं, आणि डबा वितळायला बाहेर काढला की उठतं. गोठवलेल्या कच्च्या फोडींचंही तेच.

मरतं हा शब्द मी सवयीने लिहिला, पण विकर मुळात जिवंत नसतंच. वहिनींनाही आधी वाटलं की हे काही जंतूंसारखं असेल, साखरेने आटोक्यात येईल. याच समजुतीची एक मजेशीर गोष्ट इतिहासात आहे. जर्मनीत एदुआर्द बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून तिचा रस काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, जसं आपण मुरंब्यात घालतो. रस टिकायचा राहिला बाजूला, त्याला बुडबुडे यायला लागले: जिवंत पेशी नसताना साखर आंबत होती. १८९७ चं हे काम. त्यासाठी १९०७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या घरी जास्त साखरेने जास्त गोड कडू श्रीखंड झालं, नोबेल काही मिळालं नाही.

तेव्हा उपाय एकच, उष्णता. विकर प्रथिन असल्यामुळे त्याचा कामाचा आकार घडीवर उभा असतो. तापलं की घडी उलगडते, खाच मोडते. अंडं उकडल्यावर पांढरा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे.

एवढं कळल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. पुढच्या दसऱ्याला वहिनींनी अननस "गरम करून" घातलं आणि सगळेच डबे किंचित कडू झाले. आता त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

नेमकं काय केलं ते विचारलं. साखरेचा पाक उकळला, गॅस बंद केला, आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या फोडी टाकून झाकण ठेवलं. फोडी कुरकुरीत राहाव्यात म्हणून. उकळता पाक गार फोडींनी लगेच निवला आणि फोडीच्या गाभ्यापर्यंत जी ऊब पोचली ती ५०-६० अंशांच्या आसपासची असणार. ब्रोमेलेन सगळ्यांत चपळाईने काम करतं ते नेमकं त्याच सुमाराला. त्याच्या पुढे, ७०-८० च्या वर गेलं, की ते कोलमडतं. म्हणजे अर्धवट तापवणं हा उपाय नव्हे, फोडींच्या पोटातलं विकर धडधाकट राहिलं. त्यात भर म्हणून मिश्रण कोमट असतानाच चक्क्यात घातलं. विकराला गरम पाण्याने आंघोळ घालून कामाला बसवल्यासारखं झालं.

त्याच्या पुढच्या पाडव्याला नीट शिजवलं, आणि तरी दोन डबे परत आले. बाकीचे उत्तम, फक्त ते दोनच. मला वाटलं आता माझी नोकरी जाते. दोन्ही डबे एकाच घरचे, वाढदिवसाचे निघाले. सजावट म्हणून त्यांवर ताज्या अननसाची चकती ठेवली होती, वर चेरी. चकतीखालचा थर पाणी सुटून पिवळा पडला होता आणि तळाशी श्रीखंड ठणठणीत गोड होतं. वरून खाल्लं तर कडू, खालून खाल्लं तर गोड.

आता आमच्याकडे जे करतो ते असं. अननस हरभऱ्याएवढं बारीक चिरायचं किंवा किसायचं, मोठ्या फोडी नकोत. वजनाच्या निम्मी साखर घालून कढईत चढवायचं. बुडबुडे कडेला दिसले म्हणजे उकळी नव्हे, मधोमध खळखळलं की तिथून पाच मिनिटं घड्याळ लावायचं, झाकण ठेवून, मध्ये दोनदा ढवळून. मग झाकण काढून रस आटवायचा, नाहीतर श्रीखंड सैल होतं आणि आपण पुन्हा विकराला शिव्या देतो. एक तुकडा दाबून बघावा, आतपर्यंत पारदर्शक दिसला पाहिजे, मध्ये पांढरट कच्चा ठिपका नको. ताटलीत पसरून गार, मग फ्रिजमध्ये पूर्ण थंड, आणि पुरणयंत्रातून काढलेल्या चक्क्यात सगळ्यात शेवटी. श्रीखंडातली साखर तेवढी कमी करायची. कच्चं अननस चिरलेली सुरी आणि पाटा धुऊनच पुढे वापरायचा. वर सजावटीला उकळलेल्याच फोडी. डब्यातलं अननस चालतं, कारण ते डबाबंद करतानाच तापवलेलं असतं. नुसतं इसेन्सही चालतं, पण मग अननसाचं कशाला म्हणायचं, हा माझा आणि वहिनींचा जुना वाद आहे.

लिंबू पिळून विकर बंद पडेल का, असं एका ओळखीच्या काकूंनी विचारलं. प्रत्येक विकराला आपली आम्लता लागते हे खरं. लाळेतलं अमायलेज तोंडात स्टार्च फोडतं आणि जठराच्या आम्लात गप्प होतं, तर पेप्सिन त्याच आम्लात खुलतं. पण ब्रोमेलेन मुळात आंबट फळातलंच. चक्क्याच्या किंवा लिंबाच्या आंबटपणाला ते दाद देत नाही.

उकळूनही कडूपणा येत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, काही न घातलेला नुसता चक्का दुसऱ्या दिवशी चाखा. तोही कडू असेल तर अननस निर्दोष आहे, दूध जुनं आहे. थंडीतही वाढणारे काही जीवाणू फार दिवस फ्रिजात राहिलेल्या दुधात प्रथिनं कापणारी विकरं सोडतात, आणि त्यांतली काही इतकी चिवट की दूध तापवलं, जीवाणू मेले, तरी विकरं उरतात. म्हणजे उष्णतेचा नियम सगळ्यांना सारखा लागू नाही. तिथे उपाय ताज्या दुधाचा. दोन, संत्र्याचं श्रीखंड. त्याचा कडूपणा फळातल्याच एका पदार्थाचा, रसाच्या आंबटपणात हळूहळू तयार होणारा, आणि तापवल्याने तो उलट लवकर येतो. तिथे पांढरा पापुद्रा आणि बिया काढणं आणि आयत्या वेळी मिसळणं एवढंच हातात आहे.

अननसाची भावंडं आणखी आहेत. कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन, मटण मऊ करायला लावतो तेच. रात्रभर लावून ठेवलं की मटणाचा लगदा होतो तो याच कारणाने. पिकलेल्या पपईत ते फार कमी उरतं. ताज्या अंजिरात फायसिन. आल्यातही असलंच एक विकर आहे, म्हणून चहात दूध आणि कच्चं आलं एकदम घालून मंद आचेवर ठेवलं तर कधीकधी फाटतं, आणि आलं आधी पाण्यात उकळलं तर फाटत नाही.

आणि कीवी. शेजारच्या बेन गेल्या महिन्यात कीवीचा मठो मागायला आल्या, वीस माणसांचा, आदल्या दिवशी हवा. कीवीतलं अ‍ॅक्टिनिडिन ब्रोमेलेनच्याच जातीचं, पण कीवी उकळली की हिरवा रंग मातकट होतो आणि चव चटणीसारखी लागते, म्हणजे इथे आमचा उपाय चालत नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साधा मठो मोठ्या डब्यात दिला, चिरलेली कीवी वेगळ्या डबीत, आणि बेनना गुजरातीत बजावलं की ताटं वाढताना वर घाला, आधी घातलीत तर मला फोन करू नका.